रूळ उचलण्याआधी मोऱ्या मोजा

महोदय,

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर चालण्यासाठी, धावण्यासाठी, सायकलींसाठी मार्ग करावा, अशी मागणी करणारा मजकूर वृत्तपत्रांत अधूनमधून येतो. मागणी रास्त आहे. पण त्यातले काम नेहमी रूळ काढण्यापासून सुरू होते आणि डांबर टाकून संपते. प्रत्यक्षात डांबर हे या कामातले सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटचे प्रकरण. असे मार्ग फसतात ते बहुधा दोनच कारणांनी. एक तर मधला एखादा तुकडा हातचा जातो, नाहीतर भरावाखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोऱ्या तुंबून भरावात, म्हणजे मार्ग उंचावण्यासाठी टाकलेल्या मातीत, पाणी मुरते. या दोन्हींचा बंदोबस्त रूळ जागेवर असतानाच करावा लागतो, म्हणून हे सविस्तर पत्र.

रेल्वेमार्गच का, हे आधी थोडक्यात. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्यामुळे गाडीला तीव्र चढ चालत नाही. सपाट मुलखात शंभर मीटरला एक मीटर चढ हाही रेल्वेच्या दृष्टीने बऱ्यापैकी असतो, आणि घाटातले अपवाद सोडले तर तो दोन मीटरपलीकडे सहसा जात नाही. चाकाच्या खुर्चीसाठी पाच टक्क्यांपर्यंतचा चढ साधा पथ म्हणून चालतो, त्यापुढे रॅम्पचे वेगळे नियम लागतात. म्हणजे म्हातारी माणसे, लहान मुले आणि खुर्चीवर फिरणारे यांना पेलेल असा रस्ता पूर्वीच्या लोकांनी डोंगर कापून, दऱ्या भरून तयार करून ठेवला आहे. वळणेही ऐसपैस. आज नव्याने अशी पट्टी काढायची म्हटले तर जमीन मिळवण्यातच कित्येक वर्षे जातील.

पहिला मुद्दा त्या जमिनीचाच. रेल्वेच्या ताब्यात आहे म्हणजे रेल्वेच्या मालकीची आहे, असे गृहीत धरू नये. एकाच मार्गात काही तुकडे खरेदीचे, काही भाडेपट्ट्याचे आणि काही फक्त वहिवाटीच्या, म्हणजे जाण्यायेण्यापुरत्या हक्काचे असू शकतात. वहिवाट असेल तर वापर संपला की हक्क संपतो, असा दावा शेजारचा जमीनमालक करू शकतो. अमेरिकेत हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८७५ च्या कायद्याखाली रेल्वेला मिळालेली वाट ही निव्वळ वहिवाट होती आणि मार्ग सोडून दिल्यावर तो बोजा उतरून जमीन मूळ मालकाकडे मोकळी झाली, असा निकाल २०१४ मध्ये लागला. याच अडचणीवर तोडगा म्हणून तिथे १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली होती. मार्ग ‘सोडला’ असे न म्हणता पुढे कधी रेल्वे लागली तर परत देण्याच्या बोलीवर तो राखून ठेवायचा आणि मधल्या काळात फिरायला वापरायचा. ही बोली पाळायची तर त्या पट्टीवर पक्की इमारत बांधता येत नाही आणि भराव फोडता येत नाही. आमच्या मते हे बंधन नसून मार्गाचे संरक्षणच आहे.

इथे एका पत्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. शिकागोजवळची एक विद्युत रेल्वे बंद पडल्यावर मे थेलगार्ड वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी सप्टेंबर १९६३ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिले. ही पट्टी पायवाट म्हणून राखा आणि लवकर राखा, कारण तिचे तुकडे पाडायला अनेकजण टपले आहेत, असा त्याचा आशय. त्यातूनच ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ हा फिरण्याचा मार्ग उभा राहिला. बाईंनी फुलझाडांइतकाच भर घाईवर दिला होता, आणि ते अगदी बरोबर होते. ५० किलोमीटरच्या पट्टीतला मधला २०० मीटरचा तुकडा गोदामाला गेला की हातात एक मार्ग उरत नाही, दोन अर्धवट वाटा उरतात. म्हणून पहिली मोजणी पैशांची नको, गटक्रमांकांची हवी. प्रत्येक गटाची मालकी, हक्काचा प्रकार, रुंदी आणि अतिक्रमण यांचा तक्ता तयार होईपर्यंत कोणाच्याही हाती कुदळ देऊ नये.

आता मोडणीविषयी. एका किलोमीटरच्या एकेरी मार्गात ५२ किलो प्रतिमीटर वजनाचे रूळ असतील तर १०४ टन लोखंड निघते. रुळांखाली ६० सेंटिमीटर अंतराने आडवे टाकलेले स्लीपर सुमारे १,६६० भरतात. ब्रॉडगेजचे काँक्रीटचे असतील तर त्यांचेच वजन चारशे टनांवर जाते. भंगाराची किंमत मोडणीचा खर्च भागवते, या हिशेबाने हे काम ठेकेदाराला ‘जसे आहे तसे’ देतात, आणि घात होतो तो इथेच. करारात स्पष्ट लिहिलेले नसेल तर ठेकेदार रुळांबरोबर पुलाचे गर्डरही (लोखंडी तुळया) नेतो, कारण सलग आणि भारी लोखंड तिथेच असते. पूल गेला की मार्ग तुटला. नवा पूल बांधण्याचा खर्च त्या गर्डरच्या भंगार-किमतीच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे पूल, मोऱ्या, संरक्षक भिंती, बाजूची गटारे आणि खडी यांना हात लावायचा नाही, ही अट करारात पहिल्या पानावर हवी. भराव तुडवत अवजड ट्रक न्यायचे नाहीत, मोडत जायचे त्या दिशेनेच माल बाहेर काढायचा, हेही लिहून घ्यावे. पावसात भरलेल्या ट्रकने पाडलेल्या चाकोऱ्या पुढे पाण्याचे पाट होतात.

सलग जोडलेले लांब रूळ कापताना आणखी एक धोका असतो. त्यांना लांबायला वाव नसतो, म्हणून ते उन्हात आतून दाबाखाली असतात. बसवतानाच्या तापमानापेक्षा रूळ २० अंशांनी तापला तर ५२ किलोच्या एका रुळात सुमारे ३२ टनांचा दाब साठतो. अशा रुळाला भर दुपारी गॅस लावला तर कापलेली टोके एकमेकांवर चढून बाजूला उसळतात आणि शेजारी उभ्या माणसाचा पाय जातो. आधी रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या क्लिपा सोडवायच्या, कापणी सकाळच्या गारव्यात करायची, आणि कापणाऱ्याने रुळाच्या रेषेत उभे राहायचे नाही.

लाकडी स्लीपर बहुतेक ठिकाणी क्रिओसोट पाजलेले असतात. हे डांबरी तेल आरोग्याला घातक. असे स्लीपर जाळायचे नाहीत, त्यांचे बाक करायचे नाहीत, मुलांच्या खेळाच्या जागी कुंपणाला लावायचे नाहीत. फोटोत छान दिसतात म्हणून ते नेमके याच ठिकाणी वापरले जातात. मातीही तपासावी. पूर्वी रुळांतले गवत मारायला आर्सेनिकयुक्त औषधे फवारली जात. इंजिनाची राख, वंगण, तेलगळती यांचे अंश यार्डात, गाडी रूळ बदलते त्या पॉइंटजवळ आणि इंजिन उभे राहायच्या जागी जास्त सापडतात. मोकळ्या मार्गावर नमुने विरळ घेतले तरी चालते, अशा ठिकाणी मात्र दाट घ्यावेत, आणि आर्सेनिक, शिसे, तेलांश व डांबरी संयुगे यांसाठी तपासावेत. दोष सापडला म्हणून सगळी माती उचलायची गरज नसते. बऱ्याचदा भू-वस्त्र (मातीवर अंथरायचे मजबूत कापड) टाकून वर खडी आणि पक्का थर दिला की माणसाचा मातीशी संबंध तुटतो. पण मग त्या पट्ट्यात झाडांसाठी खड्डे खणायचे नाहीत, हे नकाशावर नोंदवून ठेवावे लागते. नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी वृक्षारोपणाचा मुहूर्त तिथेच धरतो.

आता पाणी. हा मुद्दा लांबणार आहे.

गाड्या चालू असतात तेव्हा गँगमन रोज मार्गावरून फिरतो. गटारातला गाळ निघतो, मोरीच्या तोंडाचा काडीकचरा निघतो, भरावावरचे बीळ बुजवले जाते. मार्ग बंद झाला की हे सगळे त्याच दिवशी थांबते. दोन-तीन पावसाळ्यांत कटिंगमधली, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या भागातली, गटारे भरतात आणि पाणी थेट खडीत शिरते. भरावाच्या बाजूला मोरी तुंबते आणि वरच्या अंगाला तळे साचते. भराव म्हणजे काही धरणाची भिंत नव्हे, त्याच्या पोटात चिकणमातीचा गाभा नसतो. पाणी आत मुरते, माती फुगते, आणि खालच्या उतारावर आधी गवताच्या रेषेत एक बारीक अर्धवर्तुळाकार चीर दिसते. ती चीर म्हणजे भराव सुटायला लागल्याची पहिली खूण. तिच्यात माती भरून वर डांबर फासले तर पुढच्या पावसात अर्धा मार्ग शेजारच्या शेतात उतरतो आणि दोष डांबरवाल्याच्या माथी बसतो.

म्हणून रूळ असतानाच चालत जाऊन प्रत्येक मोरीची नोंद करावी. तिचे ठिकाण, प्रकार (दगडी कमान, पाइप की फरशी), दोन्ही तोंडांच्या तळाची पातळी, आत किती गाळ, भिंतीला तडे आहेत का, बाहेर पडणाऱ्या पाण्याने खाली खड्डा पाडला आहे का. शेवटची बाब हटकून सुटते. मोरीच्या खालच्या तोंडाशी पाणी उसळून माती नेते, खड्डा मागे मागे सरकत येतो आणि एक दिवस मोरीचे शेवटचे नळ खाली लोंबकळतात. तिथे मोठे दगड नुसते टाकून भागत नाही. खाली गाळणीचा थर किंवा भू-वस्त्र देऊन त्यावर दगड रचावे लागतात, नाहीतर दगडांच्या फटींतून माती निघतच राहते. दगडी कमानीत पिंपळ-वडाचे रोप दिसले की ते उपटायचे नाही. मुळासकट सांध्यातला चुनाही येतो. बुंधा कापून कापावर औषध लावायचे, मूळ मरू द्यायचे, आणि मग सांधे भरायचे. भरताना चुन्याच्या बांधकामाला चुन्याचाच मसाला लावावा. कडक सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि दगडच फुटतात.

मोरी साफ केल्यावर पाणी कुठे जाणार, हेही पाहावे लागते. वीस वर्षे तुंबलेली मोरी मोकळी केली की खालच्या अंगाच्या शेतात अचानक लोट जातो, आणि तिथून भांडण सुरू होते. काम सुरू करण्याआधी त्या शेतकऱ्याशी बोलणे हे अभियंत्याच्याच कामात धरावे. कटिंगमध्ये मात्र गटार मार्गाच्या पृष्ठभागापेक्षा निदान अर्धा मीटर खोल हवे आणि त्याला सलग उतार हवा. दोन्ही बाजूंना गटार ठेवायला जागा नसेल तर मार्ग अरुंद करावा, गटार नव्हे. आम्हाला मार्गाची रुंदी आणि गटार यांतून एकच निवडायला सांगितले तर आम्ही डोळे मिटून गटार निवडू.

हे झाल्यावर पृष्ठभाग. जुनी खडी हा फुकट मिळालेला पाया आहे, ती विकू नये. पण तिच्यावर थेट बारीक कच (दगडाचा चुरा) पसरण्याची चूकही करू नये. रेल्वेची खडी साधारण दोन ते साडेसहा सेंटिमीटरची असते आणि तिच्यातली पोकळी मोठी. कच पावसाबरोबर त्या पोकळीत उतरत जातो. पहिल्या वर्षी मार्ग गुळगुळीत, दुसऱ्या वर्षी खड्ड्यांचा, तिसऱ्या वर्षी खडी वर. खडी ग्रेडरने पसरून रोलरने दाबावी, त्यावर वीस मिलिमीटरच्या आसपासच्या खडीचा थर देऊन फटी बुजवाव्यात, आणि मग १० मिलिमीटरपासून भुकटीपर्यंत सगळ्या आकारांचा कच ८ ते १० सेंटिमीटर दाबून बसवावा. ‘सगळ्या आकारांचा’ हे महत्त्वाचे. भुकटी चाळून काढलेला, धुतलेला कच कितीही रोलर फिरवला तरी बसत नाही, सायकलचे चाक त्यात वाळूसारखे रुतते. दबाईच्या वेळी तो ओलसर हवा, मुठीत दाबला तर गोळा होईल पण पाणी सुटणार नाही इतपत. तीन मीटर रुंदीला १० सेंटिमीटरचा दाबलेला थर म्हणजे किलोमीटरला ३०० घनमीटर. सैल माल पंचवीस ते तीस टक्के जास्त मागवावा लागतो, म्हणजे सुमारे ३७५ ते ३९० घनमीटर.

रुंदी तीन मीटरपेक्षा कमी नको, वर्दळ असेल तर चार. दोन्ही कडांना ६० सेंटिमीटरच्या मोकळ्या बाजूपट्ट्या हव्यात. आडवा उतार दोन टक्के पुरतो. तीन मीटरला एकाच बाजूला उतार दिला तर कडांत सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. त्याहून जास्त दिला तर चाकाची खुर्ची एका बाजूला ओढली जाते. कचाचा मार्ग स्वस्त, पायाला मऊ, पण तीन-चार टक्क्यांपुढच्या चढावर तो वाहून जातो आणि दर काही वर्षांनी पुन्हा पसरून दाबावा लागतो. डांबराला १५ ते २० सेंटिमीटरचा दाबलेला पाया आणि वर किमान पाच सेंटिमीटरचा थर हवा. डांबराचा शत्रू झाडाची मुळे. कडेला लावलेली झाडे आठ-दहा वर्षांत डांबर उचलतात. जिथे पूर मार्गावरून जातो तेवढ्या तुकड्याला काँक्रीट करावे, बाकी ठिकाणी त्याचा हट्ट नको. अमेरिकेतला मिसुरी नदीकाठचा ‘केटी ट्रेल’ सुमारे ३८६ किलोमीटरचा. तिथली रेल्वे १९८६ च्या पुराने बंद पाडली आणि त्याच नदीच्या १९९३ च्या पुराने नवा मार्गही मोडला. नदीकाठचा मार्ग निवडला की हे धरूनच चालावे लागते.

पुलांबाबत लोकांची भीती उलट्या बाजूची असते. माणसांच्या वजनाने जुना रेल्वेपूल कोसळेल का, हा प्रश्न विचारला जातो. ३० मीटर लांब, तीन मीटर रुंद पुलावर माणसे खच्चून भरली, तरी प्रतिचौरस मीटर ५०० किलोच्या हिशेबाने ४५ टन होतात. एकटे इंजिनच याच्या दुपटीहून जड असते. पूल पडतो तो बहुधा वजनाने नव्हे, तर पायाखालची माती वाहून गेल्याने. म्हणून पुराचा ओघ ओसरल्यावर खांबांच्या तळाशी काठीने खोली मोजावी आणि मूळ आराखड्याशी ताडून पाहावी. गर्डरमध्ये गंज पाहायचा तो टोकांच्या बेअरिंगपाशी (गर्डर खांबावर टेकतो तिथे) आणि स्लीपर टेकलेल्या वरच्या पाटीवर, जिथे ओल धरून राहते. वरून रंग फासलेला असला तर हातोडीने ठोकून पाहावे. रेल्वेचा पूल वरून उघडा असतो, स्लीपरच्या फटींतून नदी दिसते. त्यावर फळ्या टाकताना त्या चालण्याच्या दिशेला आडव्या टाकाव्यात. उभ्या टाकल्या तर फटीत सायकलचे चाक अडकते. कठडा निदान १.१ मीटर उंच आणि त्याच्या गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे मुलाचे डोके अडकणार नाही. देखभालीची गाडी किंवा रुग्णवाहिका जाऊ शकेल का, हे हिशेबात आधीच धरावे.

बोगदे असतील तर आतल्या भिंतीचे अस्तर ठोकून पाहणे, गळतीचे पाणी बाजूच्या नाळीत घेणे आणि दिवे, एवढे तरी लागतेच. इंग्लंडमधल्या ‘मॉन्सल ट्रेल’चे बोगदे दुरुस्ती आणि दिवे झाल्यावर २०११ साली खुले झाले. तोपर्यंत लोकांना वळसा घालून जावे लागे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला १९६७ साली खुला झालेला एलरॉय-स्पार्टा मार्ग तीन बोगद्यांतून जातो. त्यांतला सर्वांत लांब १.१ किलोमीटरहून मोठा, आणि हिवाळ्यात त्यांचे अवाढव्य दरवाजे लावून घेतात, म्हणजे फटींतले पाणी गोठून अस्तर फुटत नाही. वटवाघळांची वस्ती असेल तर त्यांच्या विणीच्या काळात बोगदा बंद ठेवायची तयारी हवी.

मार्ग रस्त्याला छेदतो ती रेल्वेफाटके हा जिवावर बेतणारा भाग. गाडी जात होती तेव्हा रस्ता थांबत होता. आता मार्गावरच्या माणसाने थांबायचे, आणि हे त्याला अगोदर कळले पाहिजे. रस्ता काटकोनात ओलांडला जाईल असे वळण द्यावे, दोन्ही बाजूंची झुडपे कापून दृष्टी मोकळी करावी, रस्ता रुंद असेल तर मध्ये निदान अडीच मीटर खोलीचा थांबा द्यावा, म्हणजे सायकल आडवी न करता उभी राहते. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून खांब ठोकतात. ते शक्यतो टाळावेत, कारण अंधारात सायकलस्वार त्यांवरच आदळतो. ठोकायचेच तर एक किंवा तीन, दोन कधीच नाहीत. दोन खांब असले की येणारे आणि जाणारे दोघेही मधल्या फटीत शिरतात. खांबांत दीड मीटर अंतर, त्यांवर परावर्तक पट्टी, जमिनीवर रंगाची रेघ आणि रुग्णवाहिकेसाठी काढता येण्याजोगी बैठक हवी. नागमोडी लोखंडी फाटके मोटारसायकलीला फारशी अडवत नाहीत, चाकाच्या खुर्चीला मात्र हमखास अडवतात.

न्यूयॉर्कच्या ‘हाय लाइन’चे किंवा पॅरिसच्या, अशा जुन्या उन्नत रेल्वेमार्गांवरच्या बागांचे फोटो लावून प्रस्ताव मांडले जातात, त्याबद्दल एक शब्द. पॅरिसमधला बास्तीयचा रेल्वेमार्ग १९६९ साली बंद झाला, त्यावरची बाग १९९३ ची. न्यूयॉर्कमध्ये शेवटची मालगाडी १९८० साली गेली आणि पहिला टप्पा २००९ साली उघडला. दोन्ही सुंदर आहेत, पण त्या बांधकामावरच्या बागा आहेत. जलरोधक थर, पातळ माती, रोजचे माळी हा त्यांचा खर्च सव्वादोन किलोमीटरच्या ‘हाय लाइन’ला परवडतो, पन्नास किलोमीटरच्या मातीच्या भरावाला नाही. आपण नमुना घ्यायचा तर न्यूझीलंडच्या ‘ओटागो सेंट्रल’चा घ्यावा. गाड्या १९९० साली थांबल्या, २००० साली सुमारे १५० किलोमीटरचा मार्ग खुला झाला, आणि तो आजही बहुतांशी खडीचाच आहे. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा ‘हरित मार्गां’चे तीन हजार किलोमीटरहून मोठे जाळे झाले, तेही बागा लावून नव्हे.

शेजारच्या जमीनमालकांचा विरोध होतो, तो बहुतेकदा चोरीच्या भीतीपेक्षा गुरे आणि गाडी पलीकडे नेण्याच्या अडचणीचा असतो. जुन्या कागदांत त्यांच्या ओलांडण्याच्या जागा लिहिलेल्या असतात. त्या तशाच ठेवाव्यात आणि तेवढा पट्टा जाड काँक्रीटचा करावा, म्हणजे ट्रॅक्टरने कड मोडत नाही. पाण्याची, विजेची, दूरसंचाराची वाहिनी याच पट्टीतून न्यायची असेल तर तिची नळी पृष्ठभागाआधी टाकावी आणि तिचे भाडे देखभालीसाठी राखून ठेवावे. मागाहून खोदलेला चर कितीही नीट बुजवला तरी बसतोच.

अशा कोणत्याही कामाच्या निविदेत पहिले परिशिष्ट मोऱ्यांच्या नोंदीचे असावे आणि दुसरे गटक्रमांकांचे, आणि दोन्ही लोकांना पाहायला खुली असावीत, एवढीच या पत्रामागची मागणी आहे. देखभालीच्या तरतुदीत वर्षातून दोन फेऱ्यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत. एक पावसाळ्यापूर्वी, मोऱ्या आणि गटारे साफ करायला. दुसरी पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच, छत्री घेऊन, पाणी कुठे थांबते आहे ते पाहायला. ते उन्हात दिसत नाही.

आपले,
रेल्वेमार्ग व पूल बांधणीच्या कामातील काही अभियंते